मर्जी

प्रश्न शुभ्राला विचारला गेला होता आणि उत्तर द्यायला वरद पुढे सरसावला होता, यात खरं म्हणजे नवीन काहीच नव्हतं. दुबईत इतकी वर्षं हेच चाललं होतं. काउंटर आला की वरद पुढे, त्याच्या मागे अर्ध्या पावलावर शुभ्रा, तिच्या मागे फोनमध्ये डोकं घातलेली त्यांची लेक ओवी, आणि वरदच्या पोटावरच्या पाउचमध्ये तिघांचे पासपोर्ट. पण हे दुबई नव्हतं, पालेर्मो होतं. जहाज आदल्या दिवशी ट्युनिसला थांबून आलं होतं, म्हणजे युरोपाच्या बाहेर जाऊन परत आत शिरत होतं, म्हणून उतरणाऱ्या प्रत्येकाला पुन्हा पासपोर्ट दाखवायचा होता. रांगेतली माणसं वैतागली होती. टोप्या, सनस्क्रीनचा वास, कुणाच्या तरी पोराची भुणभुण, आणि उघड्या दारातून दिसणारा एक भलामोठा उघडाबोडका डोंगर, ज्याच्या पायथ्याशी सगळं शहर नुसतं वाट बघत पडलं होतं. काचेपलीकडच्या माणसाने दोन पासपोर्ट शेजारी शेजारी धरले. एकावर वरद सामंत, दुसऱ्यावर शुभ्रा दळवी. लग्नानंतर नाव बदलायचं राहूनच गेलं होतं. त्यात काही बाणेदारपणा वगैरे नव्हता, नुसता आळस होता, आणि मग दुबईला जायची घाई. माणसाने चष्म्यावरून शुभ्राकडे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, "हे गृहस्थ तुमचे कोण?"

"शी इज माय..." वरदने सुरुवात केली.

"मी त्यांना विचारलं," माणूस म्हणाला.

आवाज चढला नव्हता. उलट फार सभ्यपणे म्हणाला तो. पण शाळेत बाईंनी अचानक उभं करावं तशी शुभ्रा ताठ झाली. नवरा हा शब्द तिला तीन-चार भाषांत येत होता. त्यातला एकही जागेवर सापडेना. काचेपलीकडचे डोळे थांबले होते, मागची रांग थांबली होती, वरदचा उघडा राहिलेला ओठ थांबला होता. तिने तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते भलतंच.

"स्पॉन्सर," ती म्हणाली. "माय स्पॉन्सर."

ओवी फिसकन हसली. वरदही हसला. काचेपलीकडचा माणूस मात्र हसला नाही. त्याने दोन्ही पासपोर्ट मिटले, आपल्या बाजूला ओढून घेतले आणि फोन उचलला.

दुबईत राहिलेल्या कुणालाही यात गैर काही वाटलं नसतं. तिथे नवरा घरात नवरा असतो. काउंटरसमोर तो स्पॉन्सर. व्हिसासाठी रक्त तपासायला गेलं तर सुई टोचायच्या आधी नर्स विचारते, स्पॉन्सर कोण? मोबाइलचं सिम घ्यायला गेलं तर, ओवीच्या शाळेत गेलं तर, वाचनालयाचं कार्ड काढायला गेलं तरी तेच. अल कुसैसमधल्या टायपिंग सेंटरमध्ये, जिथे सगळ्या दुनियेचे अर्ज भरून मिळतात, तिथल्या अजीजला शुभ्राचं नाव कधीच लक्षात राहिलं नाही. तो तिला बघून आत हाक मारायचा, "सामंतसाब की फॅमिली आयी है." शुभ्रा एकटी जायची, तरी ती फॅमिलीच. सुरुवातीला तिला याची गंमत वाटायची. पुण्याला आईला फोनवर सांगायची, अगं, मी इथे एकटीच अख्खी फॅमिली आहे. मग गंमत वाटेनाशी झाली, मग राग येईनासा झाला, आणि मग तो शब्द तोंडात बसला तो बसलाच. बसलेले शब्द असेच निसटतात. पण खरंच निसटला का? पुढच्या तासाभरात शुभ्राने स्वतःला हे पुन्हा पुन्हा विचारलं, आणि प्रत्येक वेळी तिला थोडी भीती वाटली, कारण शब्द तोंडातून पडला त्या क्षणी तिला लाज वाटली नव्हती. बरं वाटलं होतं.

बाजूच्या दारातून एक पोलीसबाई आली. पन्नाशीची, सर्दी झालेली, केसांच्या मुळाशी पांढरं दिसणारी. तिने शुभ्राला आपल्याबरोबर यायची खूण केली. "नो नो, मॅडम," वरद मध्ये पडला, "देअर इज अ मिसअंडरस्टँडिंग. शी मीन्स हजबंड. आय ॲम द हजबंड. इन दुबई वी से..." जितका तो शुभ्राच्या वतीने बोलत गेला, तितका बाईचा चेहरा बंद होत गेला. शेवटी तिने हाताचा पंजा त्याच्यासमोर धरला. वरदने आयुष्यात कुणाचा असा पंजा पाहिला नव्हता. जबल अलीच्या त्याच्या वेअरहाऊसमध्ये ट्रकवालेसुद्धा त्याच्याशी हबीबी हबीबी करून बोलत. तो मराठीत म्हणाला, "शुभ्रा, सांग ना यांना! काय चाललंय हे?" आणि ओवी म्हणाली, "मॉम? मॉम, व्हाय आर दे टेकिंग यू?" शुभ्रा काहीतरी बोलणार होती, पण तोवर दार मागे बंद झालं होतं.

खोली लहान होती. टेबल, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर एक मोठा कागद, त्यावर एकच मजकूर कितीतरी लिप्यांत आणि खाली, बाईला कुणी फसवून किंवा जबरदस्तीने आणलं असेल तर करायचा फोनचा नंबर. बंगाली होतं, अरबी होतं, हिंदी नव्हतं. खिडकी होती, पण खिडकीत शहर नव्हतं. तिच्यात जहाज मावेल तेवढं जहाज भरलेलं होतं, पांढरी भिंत आणि गोल काचांची रांग. आपण आलो ते हे बघायला नव्हे, असं शुभ्राच्या मनात येऊन गेलं. पोलीसबाई तिला बसवून, कुणाला तरी बोलवायला बाहेर गेली आणि शुभ्रा एकटी उरली. एकटी. तिला एकदम कळलं की जहाजावर चढल्यापासून दार बंद असलेल्या खोलीत ती पहिल्यांदाच एकटी बसलीये. त्यांची केबिन आतल्या बाजूची होती, बिनखिडकीची. वरच्या बाकड्यावर ओवी, खाली दोघं, आणि दिवा मालवला की बारा वाजलेत की सकाळ झालीय हे फोन सांगेल तेव्हा कळायचं. इथे निदान उजेड होता. तिने बाटली उघडून पाणी प्यायलं, घटाघट, हनुवटीवर सांडून. बाहेर नवरा घाबरलाय, पोरगी रडवेली झालीय, आणि आपल्याला इथे असं मोकळं काय वाटतंय, याची मग तिला लाज वाटली. पण लाजेखाली ते मोकळेपण होतंच. ते हटेना.

दोन दिवसांपूर्वी हे व्हायला हवं होतं खरं, म्हणजे तिचं काहीतरी बोलणं. त्या रात्रीच्या जेवणाला ती मुद्दाम चांगला कुर्ता घालून गेली होती. सबंध सुट्टीभर सांगायची गोष्ट तिने जपून ठेवली होती, की एकदा समुद्र लागला, वरदच्या फोनला रेंज नसली, की सांगू. त्यांच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर ॲनेट राहायची, वसईची, कुसैसमधल्याच एका फूड टेस्टिंग लॅबच्या ऑफिसात कामाला. तिथे मायक्रोबायोलॉजिस्ट हवा होता. मसाले, मासे, दूध, पाण्याचे नमुने. ॲनेट म्हणाली, "अगं, तू पुण्यात डेअरीच्या लॅबमध्ये होतीस ना? नुसती बघून तर जा." शुभ्रा वरद ऑफिसला गेल्यावर गेली, चालत, भर दुपारी. दार उघडलं आणि नाकाशी आला तो जिवाणू वाढवायच्या उकळलेल्या अगारचा वास, मटणाच्या पाण्यासारखा, थोडा गोडसर, थोडा कुबट. लोकांना त्या वासाने मळमळतं. शुभ्राचे डोळे भरून आले. इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाई, जहांआरा नावाच्या, हैदराबादच्या, त्यांना वाटलं हिला कसली तरी ॲलर्जी आहे. त्यांनी तिच्या हातात जिवाणू वाढलेली एक प्लेट दिली आणि काय दिसतंय विचारलं. शुभ्राने प्लेट उजेडाकडे तिरकी धरली, आणि इतक्या वर्षांनी बोटांना ती कशी धरायची ते आठवत होतं. जागा तिची होती. "सुट्टीवरनं आलीस की हो की नाही सांग," ॲनेट लिफ्टमध्ये म्हणाली होती, "जास्त दिवस नाही थांबणार हां ते. आणि स्पॉन्सरची एनओसी लागेल. वरद देईल ना?" देईल ना. शुभ्रा म्हणाली, हो, देईल की.

तर त्या रात्री गोडाचं खाणं आलं आणि शुभ्राने वरद म्हणून हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात दिवे मंद झाले, वेटर लोक टाळ्या वाजवत केक घेऊन आले. वाढदिवस कुणाचाच नव्हता. केकवर लिहिलेलं होतं, यल्ला रुवैस! म्हणजे चला रुवैसला. वरद उभा राहिला होता, लाल झालेला, लहान मुलासारखा. "सरप्राइज! प्रमोशन झालंय. रुवैसला पाठवतायत मला, पूर्ण लॉजिस्टिक्सचा हेड. कंपनीचं घर, अगं, व्हिला. समोर समुद्र. ट्रॅफिक नाही, पार्किंगची कटकट नाही, ओवीची शाळा दारात. मी हो म्हणून टाकलं!" रुवैस म्हणजे दुबईपासून तीन-चार तास, एका बाजूला वाळवंट, दुसऱ्या बाजूला रिफायनरी आणि मध्ये कंपनीची वसाहत, सगळी आपली आपणच. शेजारच्या टेबलावरची इंग्लिश म्हातारा-म्हातारीसुद्धा टाळ्या वाजवत होती. शुभ्राच्या तोंडात चमचा होता. तिने तो बाहेर काढला आणि टाळ्या वाजवल्या. यात वरदचा दोष काय होता? तो खरंच खूश होता. त्याला खरंच वाटत होतं की तो तिला काहीतरी देतोय. माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं, असं तिला बिनखिडकीच्या केबिनमध्ये त्याच्या घोरण्याकडे कान देऊन पडल्या पडल्या वाटलं होतं, आणि तसं वाटल्याबद्दल तिने स्वतःलाच बोल लावला होता.

पोलीसबाई परत आली ती हातात फोन घेऊन. तिचं इंग्रजी बेताचं होतं, आणि तिला चूक करायची नव्हती, असं ती म्हणाली. फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावला. पलीकडून एक दमलेला, प्रेमळ आवाज आला. "अस्सलाम... नमस्ते, बहन. मैं शहनाझ बोल रही हूँ. दुभाषी हूँ. मैडम जो पूछेंगी, मैं हिंदी में बता दूँगी. डरना नहीं." मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. शुभ्राला त्या शिट्टीने एकदम घरच्यासारखं वाटलं आणि रडू येईल की काय असंही वाटलं.

मग प्रश्न सुरू झाले. तुमचा पासपोर्ट कुणाकडे असतो? त्यांच्याकडे, शुभ्रा म्हणाली. नेहमीच? हो, तिघांचे एकत्रच असतात, हरवू नयेत म्हणून. घरीसुद्धा? घरी लॉकरमध्ये. लॉकरचा नंबर तुम्हाला माहीत आहे? माहीत होता, पूर्वी. मग वरदने बदलला, सांगायचं राहून गेलं, तिने विचारायचं राहून गेलं. नाही, ती म्हणाली. तुमच्या नावावर फोन आहे? नाही, त्यांच्या नावावर. बँकेत खातं? त्यांच्या कार्डाचं दुसरं कार्ड माझ्याकडे आहे. वापरलं तर त्यांना कळतं? मेसेज जातो त्यांना. तुम्ही दुबईत राहता ते कुणाच्या परवानगीवर? त्यांच्या. त्यांनी ती काढून घेतली तर? तर मला देश सोडावा लागेल. आणि मुलगी? तीही त्यांच्याच व्हिसावर आहे. शहनाझ प्रत्येक उत्तर इटालियनमध्ये सांगत होती आणि प्रत्येक उत्तरानंतर पोलीसबाईचं पेन थोडं हळू होत होतं. शुभ्रा एकही गोष्ट खोटी सांगत नव्हती. वाढवून नाही, चढवून नाही. आणि तरी त्या खऱ्या खऱ्या उत्तरांतून टेबलावर जो माणूस तयार होत होता, तो वरद नव्हता. तो कुणीतरी राक्षस होता. ती घाईघाईने म्हणाली, "पण ते चांगले आहेत. सकाळचा चहा तेच करतात. मला डेंग्यू झाला होता तेव्हा रात्र रात्र बसून होते. कधी हात उचलला नाही, कधी आवाज चढवला नाही. दुबईत सगळ्यांचं असंच असतं हो." शहनाझने सगळं सांगितलं. पोलीसबाई मान हलवत राहिली, समजुतीने, आणि शुभ्राला कळलं की या खोलीत याआधीही पुष्कळ बायांनी हेच सांगितलं असणार, ते चांगले आहेत म्हणून.

मग बाईने पेन खाली ठेवलं, नाक पुसलं, आणि एक प्रश्न विचारला. शहनाझने तो लगेच नाही सांगितला. क्षणभर नुसता कुकर ऐकू आला. मग ती म्हणाली, "बहन, मैडम पूछ रही हैं, आप इस आदमी के साथ अपनी मर्ज़ी से जा रही हैं?"

मर्जी. हा शब्द शुभ्राला लहानपणापासून ठाऊक होता, पण असा नव्हता ठाऊक. मराठीत मर्जी असते ती दुसऱ्याची. मर्जी सांभाळायची असते, राखायची असते; कुणीतरी साहेबाच्या मर्जीतला असतो, कुणावर कुणाची खप्पा मर्जी होते. लग्नाच्या आदल्या दिवशी आई म्हणाली होती, सासूबाईंची मर्जी सांभाळून राहा हो, आणि ती राहिलीही होती. आपली स्वतःची मर्जी असं कुणी म्हटलंच, तर ते रागाने म्हणतं, जा, तुझी मर्जी, म्हणजे आता तू आमच्यातली नाहीस. अपनी मर्ज़ी से. हिंदीत किती सरळ वाटत होतं ते. ती त्या तीन शब्दांकडे बघत बसली. आत कुठेतरी हात घालून चाचपडावं तसं तिने चाचपून पाहिलं. तिथे नाही नव्हतं. तिला वरदला सोडून जायचं नव्हतं; या डोंगराखालच्या शहरात कुठल्याशा आसऱ्यात राहायचं, ही कल्पनासुद्धा हास्यास्पद होती. पण तिथे होही नव्हतं. तिथे जे होतं ते असं होतं, की हे मला आत्तापर्यंत कुणी विचारलं नाही. लग्न करतेस का विचारलं होतं, दुबईला येतेस का नव्हतं विचारलं. ते ओघानेच आलं. नोकरी सोडतेस का नव्हतं विचारलं. तेही ओघानेच. ओघात माणूस हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, नुसता जातो.

"मला एक नोकरी मिळतेय," ती एकदम म्हणाली. मराठीत. मग हिंदीत, "मुझे एक नौकरी मिल रही है."

शहनाझने सांगितलं. पोलीसबाई पुढे झुकली आणि तिने काहीतरी विचारलं. शहनाझ म्हणाली, "वो आपसे ज़बरदस्ती काम करवाता है?"

"नहीं नहीं. उल्टा. मुझे करनी है."

"अच्छा. तो वो करने नहीं देता?"

जहाजाचा भोंगा वाजला, खिडकीची काच किंचित थरथरली. "मैंने पूछा नहीं," ती म्हणाली.

"क्यों नहीं पूछा, बहन?"

हा प्रश्न पोलीसबाईचा नव्हता. तो शहनाझचा होता, कुकरजवळ उभ्या असलेल्या एका बाईचा, आणि तो तिने इटालियनमध्ये सांगितला नाही. क्यों नहीं पूछा? केक आला म्हणून, असं शुभ्राला म्हणता आलं असतं. पण केकच्या आधीही पंधरवडा होता. लॅबमधून आली त्या संध्याकाळी वरद सोफ्यावर होता, भेळ करून देतेस का म्हणाला, तिने करून दिली, तिखट जास्त झालं म्हणून दोघं हसली, तेव्हा विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता? एक तर इन्शाल्ला. वरदच्या तोंडी इन्शाल्ला आला की विषय खलास, हे ओवीलासुद्धा माहीत होतं. सायकल, मांजर, भारतात उन्हाळ्याची सबंध सुट्टी, सगळ्यांना तो इन्शाल्ला म्हणाला होता. आणि दुसरं म्हणजे तो हो म्हणाला असता. कर की, म्हणाला असता, उदारपणे. एनओसीवर झोकात सही केली असती, मित्रांना सांगितलं असतं, मी म्हटलं तिला, कर. आणि मग ती नोकरी, तो वास, ती तिरकी धरलेली प्लेट, तेही त्यानेच दिलेलं झालं असतं. शुभ्राला नकाराची भीती नव्हती वाटत. तिला त्याच्या होकाराची भीती वाटत होती. हे आत्ता, इथे, परक्या पोलिसांच्या टेबलाशी तिला पहिल्यांदा कळत होतं, आणि हे कुठल्याही भाषेत त्या फोनमध्ये सांगता येण्यासारखं नव्हतं.

दाराबाहेर ओवीचा आवाज आला. काय म्हणाली ते कळलं नाही, नुसता सूर आला, उंच, तुटणारा. पोलीसबाईने दाराकडे पाहिलं नाही, शुभ्राकडेच पाहत राहिली. फार चांगली बाई होती ती. सबंध दिवस थांबली असती. शहनाझ हळूच म्हणाली, "सोच के बोलना, बहन. ये लोग लिख लेते हैं."

"हो," शुभ्रा म्हणाली. "हाँ. अपनी मर्ज़ी से."

बाईने लिहून घेतलं. पेन कागदावर फिरताना शुभ्राला आपण काय केलं ते उमगलं, आणि ते फार साधं होतं. आजवर कुणी विचारलं नव्हतं, म्हणून निदान आजवर ती हो म्हणाली नव्हती. जे काही झालं ते झालं होतं, तिने केलं नव्हतं; त्या एका फटीतून तिला श्वास घेता येत होता. आता ती फटही बुजली. आता ती स्वखुशीने आली होती, स्वखुशीने राहिली होती, स्वखुशीने रुवैसला जाणार होती, आणि तसं तिने स्वतःच्या तोंडाने, विचार करायला भरपूर वेळ दिल्यावर, दोन साक्षीदारांसमोर सांगितलं होतं.

बाहेर आल्यावर ओवी येऊन बिलगली. वरदचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. त्याने शुभ्राचा हात धरला तो इतका घट्ट की अंगठी बोटात रुतली. "बाप रे," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "काय घाबरलो मी. मला वाटलं आत टाकतात आता." आत काय काय विचारलं आणि आपण काय म्हणालो ते शुभ्राने थोडक्यात सांगितलं. जहाज सुटायला फार थोडा वेळ उरला होता. तिघं बंदराच्या फाटकातून बाहेर पडली, ताडाच्या झाडांखालून, स्कूटरच्या गर्दीतून, आणि एका गाडीवर लिंबाचा बर्फाचा गोळा घेतला. ऊन लख्ख होतं. डोंगर आता जवळ दिसत होता. कुठल्याशा गल्लीत वाळत घातलेल्या चादरींखालून जाताना शुभ्राने सांगून टाकलं. नुसतं, सरळ. वरद, मला कुसैसच्या लॅबमध्ये नोकरी मिळतेय, मला ती हवीय, मला रुवैसला यायचं नाहीये. तिचा आवाज कापलासुद्धा नाही. खोलीतलं काहीतरी अजून अंगावर होतं, त्याच्या जोरावर ती बोलली.

वरद थांबला. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर तिने त्याला तोंड दिलं असतं. पण सुटका झाल्याने तो इतका हलका झाला होता, इतका आनंदात होता, की त्याला ते ऐकूच आलं नाही नीट. "लॅबमध्ये? अगं वा! कधी गेलीस? सांगायचं नाही का? अगं, रुवैसलाही असेल ना लॅब. एवढी मोठी रिफायनरी आहे, पाणी-बिणी तपासतच असतील. बघू आपण. इन्शाल्ला." मग त्याने तिच्या खांद्यावर हात टाकला आणि हसत हसत म्हणाला, "आणि आता यायचं नाही म्हणून कसं चालेल, मॅडम? आत्ताच सांगून आलात ना पोलिसांना? अपनी मर्जी से?" टोमणा नव्हता तो. लाडच होता. ओवी म्हणाली, "डॅड, इट्स नॉट फनी," पण तीही हसत होती, भीती ओसरल्यावर हसतात तसं. शुभ्राच्या हातातला गोळा विरघळून कोपरापर्यंत ओघळ आला होता. तिने तो चाटून घेतला. आंबट होता आणि चांगला होता. भोंगा पुन्हा वाजला आणि तिघं वळली.

दुबईला परतल्यावर ॲनेटला तिने लिफ्टमध्येच सांगितलं, की ती जागा नको. ॲनेट म्हणाली, "का गं? वरद नाही म्हणाला?" शुभ्रा म्हणाली, "नाही, नाही, तो कशाला नाही म्हणेल." लिफ्ट खालच्या मजल्यावर थांबली, ॲनेटने दारात पाय अडकवून तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं, मग पाय काढून घेतला.

रुवैसचं घर खरंच मोठं निघालं. खिडक्या होत्या, समुद्र होता, आणि संध्याकाळी त्या समुद्राच्या कडेने रिफायनरीचे दिवे लागत. लॅबही होती, पण तिथे कंपनीतल्या माणसांच्या घरच्यांना घेत नाहीत असं कळलं. पहिल्याच रविवारी वरदने कंपनीतल्या मराठी मंडळींना जेवायला बोलावलं. पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड. जेवण रंगात आल्यावर त्याने पालेर्मोची गोष्ट काढली, आणि सांगितली तीही झकास. काचेपलीकडचा माणूस, त्याचा चष्मा, स्वतःचा घामाने भिजलेला शर्ट, पोलीसबाईचा पंजा. स्पॉन्सर शब्दाला तर लोकांनी टाळ्या दिल्या. प्रत्येक बाईने नवऱ्याकडे बोट करून "माय स्पॉन्सर" म्हणून घेतलं. "आणि मग आत नेऊन बाईंनी हिला विचारलं," वरद आवाज खाली आणत म्हणाला, "या माणसाबरोबर स्वतःच्या मर्जीने जातेस का? आणि ही काय म्हणाली माहितीय? सांग शुभ्रा, तूच सांग."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती श्रीखंड वाढत होती. इतके जण, इतके सभ्यपणे थांबलेले, तिच्या तोंडाकडे बघत.

"मी हो म्हणाले," शुभ्रा म्हणाली. "खोटं बोलले."

आधी कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळी खोलीच हसत सुटली. कुणाला ठसका लागला, कुणी टेबलावर हात आपटला, एक जण म्हणाला, वहिनी, मानलं तुम्हाला! सगळ्यात जास्त हसला वरद. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते अभिमानाने पुसलं. ओवीने फोनमधून मान वर केली, आईकडे पाहिलं, आणि हसणाऱ्यांकडे पाहिलं.

त्यानंतर वरदने ही गोष्ट पुष्कळदा सांगितली आहे. नवीन कुणी आलं की सांगतोच. आता तो शेवट स्वतः सांगत नाही. बाईंनी विचारलं, इथपर्यंत आणतो, थांबतो, आणि तिच्याकडे बघतो, की आता तुझं वाक्य. शुभ्रा हातातलं भांडं खाली ठेवते आणि खरं ते सांगते. लोक पोट धरून हसतात.